रस्त्याच्या रुपयाचे वाटे
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



"रस्त्याला पैसा नाही" हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलंय. पैसा आहे. तो कसा वाटला जातो ते आज बघू.

एसटी, ट्रक, भाताची गिरणी डिझेलवर चालते. डिझेलच्या किमतीत रस्त्यांसाठीचा कर धरलेला असतो. म्हणजे एसटीच्या तिकिटात आणि मिठाच्या पुडीत आपणही तो भरतो. 2000 सालच्या केंद्रीय रस्ते निधी कायद्यात, 2018 च्या बदलाआधी, त्याचे वाटे लिहिलेले होते. समजा, तेव्हा डिझेलवरच्या या कराचा एक रुपया जमला. त्यातले 50 पैसे ग्रामीण रस्त्यांना जायचे. उरलेल्यातले पावणेएकोणतीस पैसे राष्ट्रीय महामार्गांना, 15 पैसे राज्यांच्या रस्त्यांना, सव्वासहा पैसे रेल्वेच्या पुलांना आणि फाटकांना. म्हणजे अर्धा रुपया खेड्यांचा होता. हा कायद्यानं ठरलेला वाटा होता, कुणाची मेहेरबानी नव्हती.

मग रस्त्याचा पैसा पाड्यावर का पोचत नाही? पंतप्रधान ग्रामसडक योजनेत वस्तीची डोकी मोजतात. मैदानात 500 लागतात, डोंगराळ आणि आदिवासी भागात 250. आपले पाडे विखुरलेले. एका पाड्यात 90 माणसं, पलीकडच्यात 170. वेगळे मोजले तर दोन्ही बाद. पण 500 मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरायची सोय नियमात आहे. मग 260 होतात, रस्ता बसतो. पण हे कागदावर कोण दाखवणार? यादी तालुक्याला बनते, जिल्हा परिषद मंजूर करते. आपण गप्प राहिलो तर पाडा यादीत येतच नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. महामार्गात सातबारावाल्याची जमीन गेली तर मोबदल्याचा कायदा आहे. ग्रामसडक योजनेत बांधकामाला पैसा आहे, जमिनीला नाही. जमीन राज्य सरकारनं मिळवून द्यायची. म्हणून संमतीचा कागद येतो, "अंगठा द्या, रस्ता तुमचाच." ज्याचा प्लॉट फॉरेस्टच्या नावावर आहे, त्याला तर कुणी विचारतही नाही. बापजाद्यांपासून कसत असला तरी कागदावर तो तिथं नाहीच.

रस्ता नको असं आपलं म्हणणं नाही. बाळंतीण झोळीतून नेणाऱ्यांना रस्त्याची किंमत सांगावी लागत नाही. पण 1996 च्या पेसा कायद्यानं गावातली योजना सुरू होण्याआधी ग्रामसभेची मंजुरी लागते. ती वापरायची. म्हणून तीन कामं :

1) प्रत्येक पाड्याची माणसं मोजा, दोन पाड्यांमधलं अंतर लिहा.
2) रस्त्याच्या रेषेत येणारा प्रत्येक प्लॉट, कसणाऱ्याचं नाव, खाचरं, झाडं वहीत नोंदवा. पट्टा असो वा नसो.
3) ही वही ग्रामसभेत वाचा, ठराव करा, ठरावाची नक्कल घ्या. तोवर संमतीच्या कागदावर अंगठा नाही.

पुढच्या बैठकीला येताना वही बरोबर आणा. जोहार.