सेवा आणि वेठ
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'विद्यार्थी आणि समाजसेवा' या विषयावर बोलण्याची आम्हाला आज्ञा झाली आहे. आम्ही काही पंडित नाही. जे वाचलं आणि चळवळीत जे पाहिलं, तेच आपल्यापुढे मांडतो.

अमेरिकेत मेरीलँड नावाचे राज्य आहे. तिथल्या शिक्षण मंडळाने १९९२ साली नियम केला की, ७५ तास समाजसेवा केल्याशिवाय मुलाला हायस्कूल पास झाल्याचा दाखला द्यायचा नाही. १९९७ साली पास होणाऱ्या मुलांपासून तो लागू झाला. ७५ तास म्हणजे आपल्या गिरणीच्या हिशेबात नऊ पाळ्या आणि वर तीन तास. नुसते तास भरून भागत नाही. आधी तयारी, मग काम आणि शेवटी केलेल्या कामावर विचार, अशा तीन पायऱ्या आहेत.

पेन्सिल्व्हेनिया राज्यात बेथलेहेम इथल्या शाळांनी १९९० साली असाच ६० तासांचा नियम केला. तेव्हा काही पालक कोर्टात गेले. १८६५ सालच्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी आणि सक्तीची चाकरी बंद झाली, मग आमच्या मुलांकडून बिनपगारी काम का घेता, असा त्यांचा सवाल. १९९३ साली अपील कोर्टाने सांगितले, हे काम मुलांच्या शिक्षणासाठी आहे, याला गुलामी म्हणता येत नाही.

पालक हरले. पण त्यांचा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सक्तीची सेवा म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? महार वतनात आपल्या वाडवडिलांनी गावचे निरोप पोचवले, मेलेली ढोरे ओढली, रात्री-अपरात्री हाक आली की धावले. मोबदला काय, तर बलुतं आणि शिळी भाकर! गाव त्यालाही सेवाच म्हणत होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. वतने खालसा झाली ती त्यांच्या पश्चात, १९५८ च्या कायद्याने.

आपल्या घटनेचे २३ वे कलम वाचा. पहिला भाग वेठबिगार बंद करतो. दुसरा भाग सांगतो की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकते, पण केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेदभाव करता येणार नाही.

हीच फूटपट्टी शाळेला लावा. श्रमदानाच्या तासाला झाडू कोणाच्या हातात आणि हजेरीची वही कोणाच्या हातात? आळीपाळीने सगळ्यांच्या हातात झाडू आला तर ते शिक्षण. ठरावीक वस्तीच्याच मुलांना संडास धुवायला लावले तर ती वेठ. अशा वेळी पालकांनो, गप्प बसू नका. एकट्याने नाही, चौघांनी मिळून जा आणि लेखी अर्ज द्या.

मग सेवाच सोडायची काय? मुळीच नाही! १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत कॉलेजची मुले राजीखुशीने दोन वर्षांत २४० तास काम करतात. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली, ही खंत बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बोलून दाखवली होती. ती खंत अजून फिटलेली नाही.

म्हणून आमची सूचना. दहावी-बारावी झालेल्या आपल्या मुला-मुलींनी वर्षाला ७५ तास वस्तीला द्यावेत. लहानग्यांना गणित शिकवा, स्कॉलरशिपचे आणि जातीच्या दाखल्याचे फॉर्म भरून द्या, म्हाताऱ्या माणसांना इस्पितळात न्या. सक्ती नको. धम्मात दान आहे, वेठ नाही. आणि एक सांगतो, पुष्कळ विहारांत झाडू आपल्या आयाबहिणींच्याच हातात दिसतो. ती पाळी मुलग्यांनीही घ्यावी, इंजिनियर होणाऱ्याने तर आधी घ्यावी. नाहीतर शाळेला जाब विचारायचा आपल्याला अधिकार काय?

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! जय भारत!