विहिरीच्या तळापासून वल्ह्यापर्यंत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संपादित पाठ)



अमरावती-अकोल्याच्या भूमीला व्यायामाची परंपरा नवी नाही. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. परंतु कबड्डी-मल्लखांबाला मैदान पुरते. नौकानयनाला पाणी लागते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जिथे गोड पाण्याच्या घागरीचेच मोल मोठे, तिथे होडीची शर्यत परमुलखातली वाटावी यात नवल नाही. म्हणूनच एका कोरड्या गावातून आलेल्या नौकानयनपटूची कथा वऱ्हाडाने ऐकण्याजोगी आहे.

दत्तू बबन भोकनळ यांचा जन्म १९९१ सालचा. गाव नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम त्यांनी केले. २०११ साली वडिलांचे छत्र हरपले आणि घराचा भार थोरल्या मुलावर आला. २०१२ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. पुण्यात त्यांची उंची प्रशिक्षकांच्या नजरेत भरली आणि हाती वल्ही आली. आरंभी पाण्याची भीती वाटे, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पाण्याच्या शोधात जमीन खोदणाऱ्या तरुणाला अथांग पाण्याची भीती वाटावी, हा दैवाचा विलक्षण खेळच म्हटला पाहिजे.

पुढील प्रगती मात्र दैवाची नव्हे, नित्य साधनेची आहे. २०१५ साली बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत एकेरीचे रौप्यपदक मिळाले. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील पात्रता स्पर्धेतून रिओ ऑलिंपिकचे दार उघडले. आई रुग्णशय्येवर असताना हा पुत्र तिथे दोन हजार मीटरच्या शर्यतीत उतरला आणि जगात तेरावा आला. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीत प्रकृतीने साथ दिली नाही व ते सर्वांच्या मागे राहिले. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंह, ओमप्रकाश व सुखमीत सिंह यांच्यासह त्यांनी चौघांच्या शर्यतीत सुवर्णपदक पटकावले. २०२० सालचा अर्जुन पुरस्कार हा या साधनेचा गौरव होय.

या यशामागे सैन्याची नौका, प्रशिक्षक आणि आहार होता, हे विसरता येणार नाही. गुण तळेगावात होता. त्याला संधी पुण्यात मिळाली. आपल्या मुलींच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक बिकट आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे नौकानयन आले ते १९७६ साली. लहान चणीच्या खेळाडूंना न्याय मिळावा म्हणून १९९६ मध्ये कमी वजनाचा गट सुरू झाला. त्यात कोणाही स्त्रीचे वजन ५९ किलोंपेक्षा अधिक नसावे आणि जोडीची सरासरी ५७ किलोंच्या आत असावी, असा नियम होता. रोमानियाच्या कॉन्स्टान्टा बुर्चिका यांनी या गटाची पहिली तिन्ही ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. परंतु २०२४ च्या पॅरिस स्पर्धेनंतर हा गट ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. सडपातळ बांध्याच्या मुलीसाठी असलेले एक दार असे बंद झाले.

तरी निराशेचे कारण नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ओडिशाच्या प्रतिमा पुहान आणि प्रमिला प्रवा मिंज यांनी जोडीच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. आपल्या भागातही मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा आणि अकोल्याजवळ काटेपूर्णा असे विस्तीर्ण जलाशय आहेत. उणीव आहे ती मुलींना लहान वयात पोहायला शिकविणाऱ्या, त्यांना सकस अन्न देणाऱ्या आणि पहाटे सुरक्षितपणे सरावाला पोहोचविणाऱ्या व्यवस्थेची. ही व्यवस्था उभी करणे समाजाच्या हाती आहे.

शर्यतीत वल्हविणाऱ्याची पाठ अंतिम रेषेकडे असते. विश्वास ठेवूनच त्याला पुढे जावे लागते. मुलींच्या ठायी तो विश्वास रुजविण्याचे कर्तव्य वडीलधाऱ्यांनी या सुवर्णमहोत्सवी वर्षात अंगीकारावे, हीच नम्र प्रार्थना.