ट्रकचा गिअरबॉक्स आणि बिस्किटांचा डबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकीच एकीने चार शब्द बोलावे असा आपला प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो बाई, मी सातवी शिकलेली. फार तर लोणच्यावर बोलेन." त्या म्हणाल्या, "लोणचे आम्हां सगळ्यांनाच घालता येते. तुमच्या ट्रकचे काय झाले ते सांगा." म्हणून आज गिअरबॉक्सवर बोलावयास उभी आहे. हसू नका, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या दारात टेंपो, ट्रॅक्टर नाही तर पिकअप उभी आहे, आणि तिचा हप्ता आपल्याच घरखर्चातून जात असतो.

आमच्या यजमानांनी वीस वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी केली. २०२१ च्या दसऱ्याला आम्ही स्वतःचा ट्रक घेतला. किंमत २२ लाख, त्यातले १८ लाख कर्ज, आणि महिन्याचा हप्ता ४१ हजार. तासगावचा बेदाणा वाशीच्या बाजारात न्यावयाचा आणि येताना मिळेल ते भाडे भरून आणावयाचे, असा धंदा. गाडी तेच चालवतात, क्लीनर म्हणून माझा पुतण्या असतो.

गाडी घेतली तेव्हा कंपनीने एक पुस्तिका दिली होती. तीन वर्षे किंवा तीन लाख किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी. यजमानांनी ती गाडीच्या खणात टाकली. मी ती काढून घेतली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या रिकाम्या डब्यात ठेवली. पुढे त्याच डब्यात सर्व्हिसिंगची बिले, जॉब कार्डे, काट्यावर वजन केल्याच्या पावत्या आणि डिझेलच्या चिठ्ठ्या जमत गेल्या. यात माझी काही हुशारी नव्हती. आमच्या आईने रेशनच्या पावत्यासुद्धा कधी फेकल्या नाहीत, तीच सवय.

आता गिअरबॉक्स म्हणजे काय, ते मला समजले तसे सांगते. आपल्या शिवणवर्गातले पायमशीन पाहा. खालचे चाक मोठे, वरचे लहान. म्हणून पाय सावकाश हलला तरी वरचे चाक भराभर फिरते. याच्या उलट केले, लहान चाकाने मोठे फिरवले, तर वेग कमी होतो पण जोर वाढतो. गिअरबॉक्स म्हणजे अशा लहानमोठ्या दातेरी चाकांची तेलाने भरलेली पेटी. सपाट रस्त्यावर वेग पाहिजे आणि घाटात जोर पाहिजे, तो ही पेटी देते. आतले दांडे बेअरिंगवर फिरतात. एक बेअरिंग गेले की दांडा हलतो, दाते एकमेकांत नीट बसत नाहीत आणि मग सगळीच पेटी बिघडते.

गाडीला वर्ष झाले त्या सुमारास यजमान घरी बोलले, "गाडी जागेवर उभी असली, गिअरमध्ये नसली, तरी पेटीतून घुंऽऽ असा आवाज येतो. क्लच दाबला की बंद, सोडला की पुन्हा सुरू." वीस वर्षांचा कान तो, त्यांना तेव्हाच बेअरिंगचा संशय आला होता. सर्व्हिसिंगला त्यांनी तसे सांगितलेही. तिथला मनुष्य म्हणाला, "नवीन गाडी आहे, होईल मोकळी." हे घरी आले आणि विषय तेवढ्यावरच राहिला.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याहून भाडे भरून येत होते. आपल्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीला बोगदा लागतो, पण येताना घाट चढावा लागे. निम्मा घाट चढल्यावर खालचा गिअर टाकावयास गेले, तो कडकड आवाज झाला आणि एकही गिअर पडेना. इंजिन चालू, गाडी हलेना. पुतण्याने उडी मारून चाकांमागे दगड लावले म्हणून बरे. रात्री अकराला फोन आला, तेव्हा ऐकताना माझे हातपाय गार पडले होते. माणसे सुखरूप आहेत एवढे ऐकले आणि देवापुढे दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढत सर्व्हिस सेंटरला नेली. ओढण्याचे साडेसहा हजार झाले. माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागला, तो खर्च निराळा. दोन दिवसांनी तिथून सांगण्यात आले, "गिअरबॉक्स उघडावा लागेल, १ लाख ३८ हजार खर्च येईल. वॉरंटी बसत नाही. तुम्ही जास्त माल भरता, आणि तेलही वेळेवर बदललेले दिसत नाही."

यजमान मुकाट्याने परत आले. जेवले नाहीत. "कंपनीशी कोण भांडणार? बांगड्या ठेवू, गाडी तर सुरू झाली पाहिजे," म्हणाले. थोरलीची कॉलेजची फी भरावयाची होती आणि हप्त्याची तारीख आठवड्यावर आली होती. बांगड्या मी दिल्या, परंतु हप्त्यासाठी. गिअरबॉक्ससाठी द्यावयास माझे मन घेईना. मिक्सर बिघडला तर आपण दुकानदाराला विचारतो की नाही? भांड्याचे पाते झिजले तर ते आपले. पण मोटार जळली तर ती त्याने बदलून दिली पाहिजे. ट्रकचेही तसेच असते. क्लच प्लेट झिजण्याची वस्तू आहे, ती सहसा वॉरंटीत धरत नाहीत. पण बेअरिंग फुटणे म्हणजे झीज नव्हे.

त्या रात्री आम्ही मायलेकी डबा घेऊन बसलो. पहिल्याने वजनाच्या पावत्या काढल्या. त्या फेरीची पावती आणि आर. सी. बुकातले वजन जुळवून पाहिले. माल मर्यादेतच होता. मग सर्व्हिसिंगची बिले. गिअरबॉक्सचे तेल पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलले होते, आणि ते त्यांच्याच सेंटरमध्ये! शेवटी जॉब कार्डे. ती इंग्रजीत, तीही किरट्या अक्षरात. मला ती कधी वाचता आली नाहीत, नुसती ठेवीत गेले. मुलगी वाचता वाचता थांबली. "आई, हे बघ. गिअरबॉक्स नॉइज, चेक्ड, ओके, असे लिहिले आहे." म्हणजे तक्रार केली होती, ती त्यांनीच लिहून घेतली होती, आणि पाहून ठीक आहे असेही त्यांनीच लिहिले होते. तो कागद पाच महिने माझ्या घरात होता आणि मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी यजमानांबरोबर गेले. मॅनेजर म्हणाले, "ताई, यातले तुम्हाला काय कळणार?" मी म्हटले, "काही कळत नाही, म्हणूनच लिहून द्या. वॉरंटी का बसत नाही, एवढे कागदावर लिहा. मी शिकलेल्या माणसाला विचारून येते." ते तोंडी पुष्कळ बोलले, पण लिहून मात्र देईनात. तेव्हा मला पक्के समजले की आपली बाजू खरी आहे.

मग मुलीने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि आम्ही कंपनीला व सेंटरला सर्व कागदांच्या नकला जोडून पोचपावतीसह पत्रे पाठवली. एका परिचित वकिलांनी कायदा समजावून सांगितला, तो आपणही लक्षात ठेवावा. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू होत नाही, असे पुष्कळांना वाटते. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवावयास घेतलेली वस्तू असेल तर घेणारा ग्राहकच ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या निकालात ट्रक स्वतः चालवणाऱ्याचेच उदाहरण दिले आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला; त्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आमच्या २२ लाखांच्या गाडीला एक हजार रुपये पडली असती. वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

आयोगापर्यंत जाण्याची वेळ आली नाही. पत्रे पोचल्यावर कंपनीचा इंजिनिअर आला. गिअरबॉक्स आमच्यासमोर उघडावा असे आम्ही पत्रातच लिहिले होते. तेल काढले तेव्हा खालच्या चुंबकाच्या बुचाला लोखंडाचा कीस दाढीसारखा चिकटलेला होता. पुढच्या दांड्याचे बेअरिंग फुटले होते. यजमानांनी माझ्याकडे पाहिले, बोलले काही नाहीत.

सुटे भाग आणि मजुरी फुकट द्यावयास कंपनी तयार झाली. पण सहीसाठी जो कागद पुढे केला, त्यावर लिहिले होते की जादा वजनामुळे बिघाड झाला असून केवळ सद्भावना म्हणून दुरुस्ती करून देत आहोत. यजमान म्हणाले, "अगं, गाडी मिळते आहे ना? करतो सही." महिन्याहून अधिक दिवस रिकामे बसलेला माणूस तो, त्यांचे काय चुकले? पण मी म्हटले, "अहो, थांबा. आज हे कबूल केले, तर उद्या दुसरे काही बिघडल्यावर हाच कागद आपल्याला दाखवतील." सेंटरच्या अंगणातच आमचे दोघांचे वाजले. ते रागाने बाहेर चहाला गेले. परत आले तेव्हा स्वतःच मॅनेजरना म्हणाले, "कागद बदला." त्याला आणखी दोन दिवस लागले. नव्या कागदावर 'वॉरंटीखाली दुरुस्ती' एवढेच लिहिले होते. सदतिसाव्या दिवशी गाडी घरी आली.

सगळे भरून मिळाले असे मात्र नाही. ओढण्याचा खर्च, बुडालेली भाडी, हप्त्याचा दंड, हे आमच्याच अंगावर पडले. ते आयोगाकडे मागता आले असते; पण यजमान म्हणाले, पुरे आता, आणि मीही होकार दिला. बांगड्या सोडवावयास पुढे वर्ष लागले. या हातातल्या त्याच.

भगिनींनो, वॉरंटी म्हणजे कंपनीने केलेला उपकार नव्हे. तिची किंमत आपण गाडीच्या किमतीतच मोजलेली असते. परंतु ती तोंडाने मिळत नाही, कागदाने मिळते. म्हणून गाडी दुरुस्तीला दिली की आपली तक्रार जॉब कार्डावर लिहिली की नाही ते पाहावे, आणि ती वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. नकार मिळाला तर तो लेखी मागावा. यंत्र आपल्यासमोर उघडावयास लावावे. आणि घरात एक डबा असावा.

माझे चुकले ते एवढेच, की मी कागद ठेवले पण वाचले नाहीत. आता मुलगी मला संध्याकाळी इंग्रजी अक्षरे शिकवते. 'गिअरबॉक्स' मला आता वाचता येते. मंडळाने दुपारी असा एखादा वर्ग काढला तर पहिले नाव माझे लिहावे, अशी अध्यक्षाबाईंना विनंती करून मी आपली रजा घेते.

जय हिंद.