जवळच्या तुरुंगासाठी अर्ज



आपले हे चिमूर गाव. १९४२ च्या ऑगस्टात इथे इंग्रज सरकारविरुद्ध उठाव झाला. पुष्कळ लोक तुरुंगात गेले. कित्येकांना फाशीची सजा झाली. ती टळावी म्हणून सरकारकडे अर्जांवर अर्ज गेले. शेवटी १९४५ साली त्यांची फाशी टळली, जन्मठेप झाली. अर्जात असे बळ असते. आज आम्ही अशाच एका साध्या अर्जाविषयी सांगणार आहोत.

समजा, आपल्यातल्या एका आईचा मुलगा पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगात आहे. भेटायला जायचे तर आधी एस.टी., मग रेल्वे. ऐन रोवण्याच्या दिवसांत मजुरी बुडते. वर्ष-वर्ष भेट होत नाही. गुन्हा मुलाचा असेल, पण आईने काय केले? अशा वेळी, 'त्याला चंद्रपूरच्या किंवा नागपूरच्या तुरुंगात हलवा,' अशी मागणी करता येते.

अर्ज कोणाकडे करायचा? आधी एक पाहा. खटल्याचा निकाल लागला काय?

निकाल लागला नसेल, तर तो कच्चा कैदी. त्याचा अर्ज खटला चालू असलेल्या कोर्टात करावा. कच्च्या कैद्याला हलवायचे तर कोर्टाची परवानगी लागते. कोर्टानेही ती नीट विचार करूनच द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले आहे.

सजा झाली असेल, तर अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकांकडे द्यावा. तो तिथून वरच्या कचेरीत जातो. तुरुंग खात्याची मुख्य कचेरी पुण्याला आहे.

आपले लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिकडे कोणाला सजा झाली तर? त्यालाही आपल्या राज्यात आणता येते. तसा कायदा १९५० सालीच झाला. मात्र दोन्ही सरकारांचा होकार लागतो.

अर्जात काय लिहावे? कैद्याचे नाव, कैदी नंबर, तुरुंग, खटला किंवा सजा. मग खरे कारण. आईबाप म्हातारे आहेत, आजार आहे, जिवाला धोका आहे, असे जे असेल ते. डॉक्टरचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा. अर्जाची नक्कल जवळ ठेवावी. तीवर पोचेचा शिक्का घ्यावा.

अर्ज केला म्हणजे बदली झालीच, असे नाही. पण मागणे आपल्या हाती आहे. 'पैसे द्या, काम करून देतो,' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, किंवा १५१०० या नंबरावर फोन करावा.

आणि हो, मायबाई, त्या अर्जावर आता अंगठा नको. आपले नाव आपल्या हाताने लिहा. खाली सही करण्याआधी वर काय लिहिले आहे, तेही वाचून घ्या.