ग्रीसला जायचं म्हणताय, तर ऐका

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेले चार महिने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढच्या वर्षीच्या ग्रीस सहलीचा धुरळा उडालाय. मी आणि हे दोन वर्षांपूर्वी तिथे जाऊन आलो, म्हणून संयोजकांनी हुकूम सोडला, "दहा मिनिटं माहिती सांग." शाळेत वर्गासमोर उभं राहिले की माझे पाय लटपटायचे. आजही लटपटताहेत, पण त्याला आता दुसरीही कारणं आहेत.

आधी केव्हा जायचं ते. भूगोलाच्या बाई पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. बाई, 'भूमध्य सामुद्रिक हवामान: उन्हाळे कोरडे, हिवाळ्यात पाऊस' हे तुम्ही दहा-दहा वेळा लिहून घेतलं होतं. ते इतक्या वर्षांनी कामाला आलं. शाळांच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन जुलैत जाऊ, असं ग्रुपवर कोणी तरी लिहिलंय. कृपा करून नको. जुलैत अथेन्समध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि उष्णतेची लाट आली तर ॲक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवतात. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो फार वाढला की बेटांच्या बोटी रद्द होतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, एवढेच दिवस आपल्या वयाचे.

व्हिसा शेंगेनचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा शेवटच्या महिन्याची वाट बघू नका. मोठ्यांना फी ९० युरो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने चालणारा हवा. बाकीची कागदपत्रं आपला बँकवाला मित्र सांगेल, त्याला ती आवड आहे.

आता मला खरं जे सांगायचंय ते.

अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची ३ नंबरची लाईन थेट शहराच्या मध्यात, सिंताग्मा चौकात नेते. चाळीसेक मिनिटं, तिकीट ९ युरो. सोय उत्तम, पण सामान घेऊन गोंधळलेले प्रवासी त्याच गाडीत असतात, त्यामुळे पाकीटमारही त्याच गाडीत. आम्ही शनिवारी संध्याकाळी उतरलो. पासपोर्ट आणि पैसे मी अंगातल्या पिशवीत ठेवले होते, शहाणपणा म्हणून. खांद्यावरच्या पर्समध्ये फक्त औषधांचा बटवा होता. चोराने तोच पाकीट समजून नेला.

ह्यांच्या हृदयात सात महिन्यांपूर्वी स्टेंट बसवलेला. रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि मी सगळ्या पट्ट्या एकाच बटव्यात भरल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, पण अर्ध्या गोळ्या ह्यांच्या बॅगेत टाकाव्यात, एवढं सुचलं नाही.

ग्रीसमध्ये औषधांच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. शनिवारी संध्याकाळी बहुतेक दुकानं बंद असतात, पण जवळपासचं कुठलं उघडं आहे याची यादी बंद दुकानाच्या दारावर लावलेली असते. हॉटेलच्या मुलाने ती वाचून दिली. उघडं दुकान सापडलं, आत एक मध्यमवयीन बाई होत्या. मी गोळीचं नाव सांगितलं. त्यांनी ते कधी ऐकलेलंच नव्हतं, कारण ते आपल्याकडच्या कंपनीने ठेवलेलं नाव. मोबाईलमधला चिठ्ठीचा फोटो दाखवला, त्यातही तेच नाव, आणि अक्षर डॉक्टरांचं! शेवटी पुण्याला मुलाला फोन लावला. तिथे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. त्याने कपाटातून जुनी पट्टी शोधली, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली आणि सांगितलं, "क्लोपिडोग्रेल, पंचाहत्तर."

मी ते त्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ने, ने!"

मला वाटलं, नाही म्हणताहेत. तिथेच रडू फुटलं. त्या गडबडून काउंटरच्या बाहेर आल्या आणि मला स्टुलावर बसवलं. मग समजलं, ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे होय! 'नाही'ला ते 'ओही' म्हणतात, किंवा काहीच न बोलता नुसत्या भुवया आणि हनुवटी वर करतात. हा एक शब्द घरून पाठ करून जा.

परदेशातल्या चिठ्ठीवर त्या गोळी देईनात. त्यांनी जवळच्या एका डॉक्टरांना फोन केला, आम्ही तिथे गेलो, त्यांनी तपासून नवी चिठ्ठी लिहिली. रात्री अकराला गोळी ह्यांच्या पोटात गेली. त्या तीन तासांत हे एक अक्षर बोलले नव्हते. गोळी घेतल्यावर म्हणाले, "भूक लागलीय."

तेव्हा औषधांच्या नावांचा कागद करा. कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं नाव आणि किती मिलिग्रॅम, इंग्रजीत टाईप केलेलं, डॉक्टरांची सही घेऊन. गोळ्या दोन ठिकाणी, दोन्ही हातातल्या सामानात. आणि ११२ हा आपत्कालीन नंबर मोबाईलमध्ये ठेवा.

खाण्याची काळजी शाकाहाऱ्यांनी करू नये. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक वर्षातले कितीतरी दिवस उपवास करतात, त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्या उपवासाच्या पदार्थांना 'निस्तीसिमा' म्हणतात. हा शब्द उच्चारला की वेटर नीट समजतो. फक्त त्यांच्या उपवासाला कालवं आणि माकुळ चालतात, तेवढं विचारून घ्या. 'फावा' मागवा, ते आपलं घट्ट वरणच, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. भात भरलेले टोमॅटो, पांढऱ्या मोठ्या घेवड्याचे 'यीगांतेस', भाज्या तेलात शिजवलेलं 'ब्रियाम'. लोणच्याची बाटली मी जशीच्या तशी परत आणली. एक अवघड गोष्टही सांगून टाकते: तिथल्या संडासात कागद आत टाकायचा नाही, नळ अरुंद असतात, शेजारी डबा असतो त्यात टाकायचा.

आता गुडघे. आपल्यातल्या एकाने ग्रुपवर लिहिलंय, "तुम्ही जा, मी फोटो बघेन." सहावीच्या सहलीत कार्ल्याच्या पायऱ्या सगळ्यांच्या आधी चढून वरून आम्हाला हाका मारणारा तो हाच. तिथे चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत, हे सरांनी दाखवलं होतं. आपल्यातलं कोणीही तेव्हा लक्ष देत नव्हतं.

तर तुझ्यासाठी म्हणून मुद्दाम चौकशी केली. ॲक्रोपोलिसच्या उत्तर बाजूला लिफ्ट आहे, चालायला त्रास असणाऱ्यांसाठीच. आधी कळवून ठेवायचं. वारा जोराचा असला तर ती बंद असते, म्हणून अथेन्समध्ये तीन दिवस ठेवू. वर आता सपाट पायवाटा केल्या आहेत. बाकीचा संगमरवर इतका गुळगुळीत झालाय की धडधाकट माणूसही घसरतो, तेव्हा सगळ्यांनीच रबरी तळव्याचे बूट घाला. तिकीट ३० युरो, वेळ ठरवून मिळतं, सकाळी आठचं घ्या. खाली संग्रहालयात लिफ्ट आहेत, गारवा आहे, बसायला जागा आहे.

सँटोरिनीचा हट्ट सोडा, असं माझं मत. पायऱ्याच पायऱ्या आणि सूर्यास्ताला दादरच्या पुलावरची गर्दी. त्यापेक्षा पिरेअसहून एजिना बेटावर जाऊ. वेगवान बोटीने चाळीस मिनिटं, साध्या बोटीने सव्वा तास. बंदर अवाढव्य आहे, गेट ई-८ लक्षात ठेवा. बंदरावर बसून पिस्ते खायचे, ज्याला अफायाचं देऊळ बघायचंय त्याने बसने जावं. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी मात्र अथेन्समध्येच राहायचं, बोटीचा भरवसा धरायचा नाही.

बाहेर चहाच्या टेबलावर मी वही ठेवली आहे. नाव, पासपोर्ट संपण्याची तारीख, गोळ्या आणि गुडघे असे चार रकाने आहेत. पहिलं नाव मी माझं लिहिलंय, दुसरं त्याचं, त्याला न विचारता. खोडायचं असेल तर माझ्यासमोर येऊन खोड.