मुंबई–लंडन : किती लांब?



लंडनहून आलोय म्हटल्यावर सकाळपासून एकच प्रश्न कानावर येतोय, "किती तास लागतात रे?" माईक हातात दिलाच आहात, तर सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो.

सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. मुंबईहून जाताना साधारण दहा तास, येताना नऊ. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. घरी येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. पहिल्या बाकावरच्यांना हे आठवत असेल, आम्ही मागचे.

सरळ म्हणजे भिंतीवरच्या नकाशावरचं सरळ नव्हे. भूगोलाच्या बाई पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवायच्या, तसं. मुंबई ते लंडन दोरा ताणला तर तो कराचीजवळून निघतो आणि इराण, कॅस्पियन समुद्राचा काठ, युक्रेन, पोलंड, जर्मनी असा जातो. 1948 च्या जूनमध्ये एअर इंडियाचं पहिलं विमान लंडनला गेलं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. आता मध्ये थांबावं लागत नाही, पण दोऱ्यावरून जाणं काही होत नाही. 2019 मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. युक्रेनचं 2022 पासून बंद आहे. खाली भांडणं झाली की वर वळसा पडतो.

हे झालं विमानाचं. आता माझं सांगतो.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात दादाचा फोन आला. अण्णांना आयसीयूत ठेवलं होतं. "किती वेळात पोचशील?" तिथे दुपारचे दोन, इथे संध्याकाळचे साडेसात. रात्री साडेनऊचं विमान मिळालं. साडेपाच तास घड्याळातच गेले, मुंबईत उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. सामान, रांगा, टॅक्सी, घाट. साताऱ्यात पोचायला संध्याकाळचे सात. फोनपासून साडेतेवीस तास, त्यातले विमानात फक्त नऊ.

आणि आपल्या वर्गातले दोघं? ते पंधरा मिनिटांत पोचले होते. दादा तेव्हा पुण्यात, घरी आई एकटी. अण्णांना जिन्यावरून खुर्चीत बसवून खाली आणलं ते या दोघांनी. एक रात्रभर आयसीयूबाहेर बाकावर बसला, दुसऱ्याने रक्ताची सोय केली आणि आईला बळेच चार घास खाऊ घातले. मी पोचलो तर म्हणाले, "आलास? चहा घे आधी." अण्णा त्यानंतर आठ महिने होते. दोघंही आत्ता इथेच बसलेत. नाव घेतलंस तर स्टेजवर येऊन माईक काढून घेऊ, अशी धमकी आहे.

आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईत, काही दुबई-अमेरिकेत. आईवडील मात्र इथेच, आणि आता ऐंशीच्या पुढचे. म्हणून दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. घरी कोण एकटं आहे, डॉक्टर कोण, रोजची औषधं कोणती, जास्तीची किल्ली कोणाकडे, एवढं लिहा. गावात राहणाऱ्यांपैकी जे धावून जाऊ शकतील त्यांनी मागच्या पानावर आपला नंबर द्या. त्या दोघांनी सकाळीच दिलाय.

वही जेवणाआधी भरायची आहे, कारण नंतर तुम्ही गप्पांतून उठणार नाही.