गरम गाडी सुरू होत नाही, तेव्हा

कापसाची गाडी सकाळी गावातून निघते तेव्हा एका सेल्फमध्ये सुरू होते. मूर्तिजापूरला चहासाठी वीस मिनिटं थांबलात की पुन्हा सुरू व्हायचं नाव घेत नाही. तासाभराने थंडावली की आपोआप ठीक! वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की जुन्या डिझेल ट्रकांची ही तक्रार वाढते. मग कोणी नवी बॅटरी घ्यायला सांगतो, कोणी इंजिन खोलायला. पैसा घालण्याआधी दोन गोष्टी बघा : सेल्फचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर.

सेल्फ जड फिरतो का? मग दोष बहुधा विजेचा. निगेटिव्हची वायर आधी सोडून बॅटरीची टोकं साफ करा. वायरी घट्ट करा. इंजिन आणि चेसिस यांमधली अर्थिंगची वायर तपासा. तेवढ्याने भागलं नाही, तर सेल्फचे बुश आणि कार्बन बघून घ्या.

सेल्फ जोरात फिरतो, पण धूर अजिबात नाही? म्हणजे डिझेल पोचत नाही. इंजिन बंद करायची स्टॉपची तार पूर्ण मागे गेली आहे ना, हे पहिल्यांदा बघा. मग फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारा. फेस आला, तर लाइनने हवा धरली आहे. पाइप आणि वॉशर तपासा, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा.

हवा नसेल, तर डिझेल पंपाकडे वळा. तापलेलं डिझेल पातळ होतं. पंपातला प्लंजर झिजलेला असला, की ते फटीतून निसटतं आणि नोझलला पुरेसा दाब मिळत नाही. पंपावर ओलं फडकं पंधरा-वीस मिनिटं ठेवा. एरवी तासभर अडणारी गाडी त्याने सुरू झाली, तर पंप झिजला असण्याचा संभव मोठा. तो कॅलिब्रेशनला न्या. तापल्या पंपावर गार पाणी मात्र ओतू नका, प्लंजर अडकेल.

पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतं पण जळत नाही. पंपाचं टायमिंग आणि नोझल मिस्त्रीला दाखवा. कॉम्प्रेशन कमी असलं, तर गाडी आधी थंडीतच अडते. तेव्हा हिवाळ्याच्या सकाळी चटकन सुरू होणाऱ्या गाडीचं इंजिन खोलायची घाई नको.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये दोन मिनिटं दम द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. ही तपासणी जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांची आहे. नव्या कॉमन रेल गाडीचे पाइप घरी सैल करू नका, त्यातला दाब जीवघेणा असतो.

सेल्फ कसा फिरला, धूर कसा होता, एवढं मिस्त्रीला नीट सांगा. निम्मं काम तिथंच होतं.